मोटारीतली शेगडी

वारलूबद्दल मले इचारू नोका, असं मी शंभर खेपा सांगतलं असन. तरी आरमोरीत कोनी नवा मानूस आला का चहाच्या टपरीवरचे लोकं माह्याकडंच बोट दाखवते. "तो लटारू डायवर बसून आहे न, त्याले इचारा वारलूचं. त्याच्याइतकं कोनाले मालूम नाई." मालूम आहे मले. पन मी काय त्याचा भाट आहो का बाप्पा, त्याचे गुन गात बसाले?

बरं, इचारलंच आहे त आयका. पन मी माह्या मतानं सांगीन. गोड-गोड आयकाचं असन त टपरीवाल्याकडं जा. तो सांगन, वारलू म्हनजे देवमानूस. देवमानूस! चार वर्स एकाच घराचं खाल्लं आमी दोघाईनं, मले नाई दिसला कुठी देव. आता तो अल्लापल्लीकडं लाकडाच्या डेपोत ट्रक चालवते म्हनते. चालवो. माहं काय जाते?

वारलूचं गाव तिकडं, एटापल्लीच्याही पल्याड, सूरजागडच्या डोंगराखाली. आठ-दहा घरं अन बाकी सारं जंगल. त्याचा आजा डोंगराचे काळे दगड आनून भट्टीत लोखंड गाळे. बाप लाख गोळा करे. कुसुमाच्या झाडाच्या फांद्याईवर किडे जे लाल, चिक्कट घर करते, तेच खरडून आगीवर वितळवाचं अन बाजारात नेऊन विकाचं. वारलू आज्याचंही शिकला अन बापाचंही. आगीचं त्याले समजे. कोनत्या लाकडाचा कोळसा किती तापन, हे तो नुसता धूर पाहून सांगे. पाटी-पुस्तकाच्या नावानं बोंब, अन मराठी बोले तेही अर्धी माडिया, अर्धी आपली.

मालगुजारी गेली त्याच्या दुसऱ्या वर्सी तो लाखेची बंडी घेऊन रामाजीभाऊच्या गोदामात आला. रामाजीभाऊ म्हनजे आमचे मालगुजार, गावाचे जमीनदार. मालगुजारी गेली तरी लोकं त्याईले मालगुजारच म्हनत. वारलूचा एक बैल इथी येऊन बिमार पडला अन मेला. एका बैलानं बंडी जाते कुठी? राह्यला. आठ दिवसाचा महिना झाला, महिन्याचं वर्स झालं. मंग जाऊन बायको सोमारीले घेऊन आला. ती मालगुजाराच्या घरी धान कांडे अन हा वावरात, गोदामात, पडन ते काम करे. तीस-बत्तीस वर्साचा गडी, आंगानं काटक, तोंडानं मुका. बोले कमी अन हात लावे जास्ती. कोनतीही चीज दिसली का हा आंधी बोट फिरवून पाहे. मले तवापासूनच त्याचा राग येये, काऊन ते मले सांगता येत नाई.

आता माहं सांगतो, नाईतर तुमाले वाटन हा लटारू कोन लागून गेला. मी पाच वर्साचा होतो तवा महामारीत माहे मायबाप गेले. रामाजीभाऊच्या मायनं, गुणाबाईनं, मले घरी आनलं. आमी सारे तिले बाईच म्हनत होतो. तिनं मले वाढवलं. नोकर म्हनून नाई, पोरगा म्हनून नाई, पन मधातलं काईतरी म्हनून. आमच्याकडं नवं धान घरी आलं का नवं खाते. पहिला भात देवाले, अन मंग घरच्या मोठ्या बाईनं आपल्या हातानं एकेकाले घास द्याचा. बाई पहिला घास रामाजीभाऊले दे, अन दुसरा मले. जावई बसेल असो का पाहुना असो, दुसरा घास माहा. अख्ख्या आरमोरीले मालूम होतं ते.

लढाईत मी फौजेत भरती झालो. नागपूरले गाडी शिकलो, दिमापूरपर्यंत लॉरी चालवली. वापस आलो त लायसन घेऊन आलो. तवा आरमोरीत लायसनवाला मी एकटा. जंगलखात्यातला एक गोरा सायब विलायतेले गेला, त्याची जुनी अमेरिकन मोटार रामाजीभाऊनं घेतली, अन मी डायवर झालो. काळी, लांबलचक, पुढच्या दिव्याईवर पितळेचे चकचकीत कडे. लोकं पोराले कडेवर घेऊन पाहाले येत.

त्या मोटारीत पुढच्या सीटसमोर, पाय ठेवाच्या जागी, एक गोल पत्र्याचा डबा होता. त्याले समोरून छोटे-छोटे दरवाजे अन आतमंधी जाळी. रामाजीभाऊनं पाह्यलं अन म्हने, "लटारू, हा रेडिओ होये." मीही म्हनलं, हव, रेडिओच होये. जाळी आहे म्हनजे आवाज त्याच्यातूनच येत असन. खटका दाबला, वाजला नाई. मंग आमी साऱ्या गावाले सांगतलं का मोटारीत विलायती रेडिओ आहे, बिघडेल आहे, नागपूरले दाखवा लागन. मामलेदार आले तवा रामाजीभाऊनं त्याईलेही तेच सांगतलं. मामलेदारानंही मान हालवली, त्याले तरी काय मालूम?

पन तो रेडिओ गरम होये. हिवाळ्यात ध्यानात नाई येये, उन्हाळ्यात मात्र माहे पाय भाजून निंगत. चंद्रपूरकडचा उन्हाळा, वरून सूर्य, खालून हा डबा! चार उन्हाळे मी तसाच काढले. रामाजीभाऊ म्हने, मोटारीची प्रकृतीच गरम आहे. त्याईनं रेडिएटरात माठाचं थंड पानी टाकाले लावलं, डब्यावर वाळ्याचं ओलं पोतं ठेवाले लावलं. मीही ठेवलं. हासू नोका. तुमी असते त तुमीही ठेवलं असतं.

मंग एका वैशाखात वारलू मोटार धुवून राह्यला होता. मी सावलीत बिडी ओढत होतो. तो डब्याजवळ बसला अन आपल्या सवयीनं बोट फिरवाले लागला.

"भाऊ, हे काय होये?"

"रेडिओ. हात लावू नोको."

त्यानं हात काढला नाई. डब्याच्या मागं दोन रबराच्या नळ्या होत्या. एका नळीवर बोट ठेवून तो सरकत-सरकत बाहेर आला, बोनट उघडलं, इंजिनापर्यंत गेला. मंग दुसरी नळी धरून वापस आला. लाखेच्या किड्याचा माग काढावा तसं त्याचं चाललं होतं.

"भाऊ, हे नळी इंजिनातून निंगते, अन हे दुसरी इंजिनातच वापस जाते. दोन्ही गरम आहे. रेडिओले गरम पानी काऊन लागते?"

आता सांगा. मी काय बोलनार? म्हनलं, "तुले काय समजते बे, विलायती रेडिओ आहे." पन तवर रामाजीभाऊ माह्या मागं येऊन उभे होते. वारलूनं इंजिनावर एक छोटा तोटीचा खटका शोधला, गंजून घट्ट झालेला. तेल टाकून, ठोकून-ठोकून त्यानं तो फिरवला. अर्ध्या घंट्यात डबा थंडगार. चार उन्हाळे भाजलेले माहे पाय, अन त्यानं अर्ध्या घंट्यात थंड केले!

वडशाच्या टेसनावर एक इंजनवाला सायब होता, त्यानं सांगतलं, याले हीटर म्हनते, थंड मुलखातल्या मोटारीले राह्यते. झालं. साऱ्या गावात बोभाटा. टपरीवर मी गेलो का कोनीतरी म्हनेच, "काय लटारूभाऊ, आज रेडिओवर काय लागून राह्यलं?" आजही म्हनते, मेले. मी लढाईतला मानूस, बॉम्बच्या आवाजात लॉरी चालवेल, अन मले हासते कोनाच्या पायी? ज्यानं तवर जन्मात मोटार चालवली नोती, त्याच्या पायी.

पन हे हासनं मी गिळलं असतं. जे गिळलं गेलं नाई ते पुढंच आहे.

बाईचे गुडघे धरेल होते. थंडी पडली का तिले उठता-बसता येत नसे. चार हिवाळे झाले, ती वडशाले आपल्या लेकीकडं, कमळाबाईकडं, गेली नोती. आपल्या इकडची पुसातली थंडी तुमाले मालूम आहे, सकाळी धानाच्या बांध्याईत पानी बर्फावानी होते. त्या साली हिवाळा लागला अन वारलूनं रामाजीभाऊले म्हनलं, खटका उघडून देऊ का? बाईच्या पायाले शेगडी होईन. त्या दिवसापासून साऱ्याईनं त्या डब्याचं नाव शेगडी ठेवलं. आतला पंखा फिरत नोता, तार तुटेल होता, तो तार म्या जोडला. घेतलं कोनी माहं नाव? सोडा. शेगडी कोनाची? वारलूची.

बाई पुढच्या सीटवर, माह्या बाजूले बसली. उघडे पाय डब्यासमोर ठेवले. गरम वारा लागला अन तिच्या तोंडातून "आई गं" निंगालं, सुखाचं. डोळ्यात पानी. म्हने, "वारलू, बापा, तुह्या हातात काय जादू आहे रे?" माहं पोट तिथीच दुखाले लागलं.

पुढं महिना-दीड महिना असंच. बाई माह्या बाजूले बसून जवळपासच्या गावाईले जाये-येये, अन तोंडात वारलूच. वारलूनं काय डोस्कं लढवलं, वारलू किती शांत, वारलूच्या सोमारीनं कसं मोहाचं सार केलं. अन वारलू कुठी बसे? मागच्या गादीवर! बाईले उतराले-चढाले हात द्याले म्हनून रामाजीभाऊनं त्याले संगं धाडलं. मी पुढं घाम गाळून चाक फिरवून राह्यलो, अन हा माडिया मागं मालगुजारावानी पाय पसरून. आरशात दिसे न मले तो. दिसला का आंगाची लाही-लाही होये.

अन मंग नवं आलं. सारे पंगतीले बसले. बाईनं पहिला घास रामाजीभाऊले देल्ला. मी हात पुढं केला. बाई म्हने, "थांब रे लटारू, यंदा दुसरा घास वारलूचा. त्यानं माहे पाय वापस आनले." साऱ्याईच्या समोर. तिसरा घास माह्या हातावर आला. तो भात मले गोड लागला का खारट, आठवत नाई. मी हात धुवून उठलो अन गोठ्यामागं जाऊन उभा राह्यलो. चाळीस वर्साचा गडी, लेकरावानी रडलो. आता मन म्हनते एका घासासाठी कोनी रडते का? रडते. ज्याले कोनी नसते तो रडते.

पुसाच्या मधात शेगडी बिघडली. आंधी समोरची काच आतून धुंद व्हाले लागली, फडक्यानं पुसली का पुन्हा धुंद. मंग बाईच्या पायाखालचं पोतं ओलं. रेडिएटर पाह्यलं त पानी अर्धं. म्हनजे डब्यातली जाळी कुठीतरी गळून राह्यली होती. मले मनातून बरं वाटलं. म्हनलं, आता पाहू तुही जादू.

मी डायवर लोकाईचा जुना इलाज केला. रेडिएटरात मूठभर हळद टाकली. हळद पान्यासंगं फिरते अन बारीक भोकात जाऊन बसते. आठ दिवस थांबलं गळनं. बाई म्हने, "लटारू, मोटारीत कोनी वरन मांडलं का रे? वास येते." वारलू मागं हासला. हळूच हासला, पन हासला. नवव्या दिवशी हळद वाहून गेली अन पुन्हा पोतं ओलं.

त्याच टाइमाले कमळाबाईचा निरोप आला. वडशाले शंकरपट आहे, बैलाईच्या शर्यती, घर पाहुन्याईनं भरेल आहे, परवा बाईले घेऊन याच. बाई हरखून गेली. वारलूनं डबा खोलला. आत पितळेची जाळी, बारीक-बारीक नळ्याईची, अन एका कोपऱ्यात सुईएवढं भोक. अशा भोकाले कासाराकडून राँगा, म्हनजे कथील, वितळवून झाळून घ्या लागते. नागपूरच्या वर्कशापात मी पाहेल होतं. पन आमचा कासार लेकीच्या सोयरिकीसाठी चिमूरकडं गेल्ता, आठ दिवस येनार नोता.

मी जे बोललो ते बरोबर बोललो, हे आजही सांगतो. म्हनलं, "बाई, दोन्ही नळ्या एकमेकीले जोडून टाकतो. इंजिनले काई होत नाई. कासार आला का जाळी झाळून घेऊ."

"अन तवर शेगडी?"

"तवर बंद."

बाईनं गुडघ्यावरून हात फिरवला. मंग म्हने, "मंग मी नाई जात. कमळाले सांगून दे, थंडी उतरल्यावर येईन." अन असं म्हनून तिनं पाह्यलं कोनाकडं? वारलूकडं. माह्याकडं नाई. वारलू म्हने, "बाई, मी पायतो काई होते का."

त्यानं अंगनात कोळसे पेटवले. लाख वितळवली, त्यात ईटेची बारीक भुकटी कालवली. विळ्याची मूठ बसवाले आपल्याकडं हेच वापरते. भोक घासून साफ केलं अन त्याच्यावर लाखेचं बोटभर ठिगळ बसवलं. देखनं बसवलं, खोटं काऊन बोलू? मंग घरात जाऊन बाईले दाखवून आला, अन ते जाळी हातात घेऊन माह्याकडं आला. मी गोदामाच्या पायरीवर बसेल होतो.

"भाऊ, एक इचारू का? लाख गरम पान्यात नरम होत नाई, पन उकळत्या पान्यात होते. उन्हाळ्यात इंजिनातलं पानी उकळते, ते मले मालूम आहे. हिवाळ्यात उकळते का?"

त्यानं नेमकं इचारलं होतं. वडशाच्या रस्त्यात मधात एक मोठा नाला लागते, पूल नाई. पावघंटा पहिल्या गेरात रेती तुडवत जा लागते. तिथी हिवाळा असो का काई असो, इंजिनातलं पानी उकळतेच. हिवाळ्यात बाईले घेऊन आमी वडशाकडं कधी गेलोच नोतो, म्हनून वारलूले ते मालूम नोतं. मले मालूम होतं. मी सांगाले तोंडही उघडलं.

तवर माही नजर त्याच्या खांद्यावर गेली. बाईच्या धन्याचं जुनं लोकरीचं कांबळं होतं, किनारीले लाल पट्टा असलेलं. बाई ते संदुकीत कापूर घालून ठेवे. लहानपनापासून मी ते पाहेल होतं, एकदा मांगतलंही होतं. बाईनं "राहू दे रे, आठवन आहे" म्हनून नाई देल्लं. ते कांबळं वारलूच्या खांद्यावर.

"हिवाळ्यात कुठी उकळते बे!" मी म्हनलं. "टिकन."

"पक्कं न भाऊ?"

"टिकन म्हनलं न एक डाव!"

"बरं, भाऊ," म्हने अन तो पुन्हा घरात गेला. मले वाटलं, गेला आता बाईपुढं शेखी मिरवाले.

माह्या मनात काय होतं ते सांगतो. मले वाटलं, नाल्यात लाख सुटन, पानी गळन, पोतं ओलं होईन, अन वारलूचं नाक कटन. बस. बाई म्हनन, लटारूचंच बरोबर होतं. इतकंच. बाईचे उघडे पाय त्या डब्यासमोर राह्यतीन, हे माह्या डोस्क्यात आलंच नाई. कोनत्याही देवापुढं उभं करा, मी हेच सांगीन. पन देव म्हनन, काऊन नाई आलं बे?

तिसऱ्या दिवशी सकाळी निंगालो. धुकं होतं. बाई पुढं, पाय शेगडीपुढं, मांडीवर कमळाबाईसाठी भरलेलं चिवड्याचं गाठोडं. नातवाईची नावं घेत होती. नाल्यापर्यंत एक थेंब गळला नाई. रेती लागली, मी पहिला गेर टाकला. इंजिन घुरघुराले लागलं, बोनटातून वाफ निंगाली. तिथी थांबलो असतो त चाकं फसली असती, म्हनून थांबलो नाई. खरं सांगू? मी वाट पाहून राह्यलो होतो.

लाख एकदम सुटली. उकळतं पानी पिचकारीवानी बाईच्या दोन्ही पायावर आलं. बाई अशी ओरडली का माहे हात चाकावरून सुटले. वारलू मागून सीटवरून पुढं पडला, एका हातानं बाईचे पाय वर उचलले अन दुसऱ्या हाताचा पंजा त्या भोकावर दाबून धरला. मी उतरलो, बोनट उघडलं, तोटी बंद केली. घाईघाईत तोटी दोनदा उलटीच फिरवली. तेवढा टाइम त्यानं पंजा काढला नाई.

वडशाले पोहचलो. डॉक्टर आला. बाईच्या पायाची घोट्यापर्यंत साल निंगाली होती. वारलूच्या पंज्याचंही तसंच. शंकरपट राह्यला बाजूले, कमळाबाईचं घर रडाले लागलं.

दुसऱ्या दिवशी रामाजीभाऊ आले. अंगनात उभे राहून इचारलं, "ते लाखेचं काम कोनी केलं?"

"मी केलं," वारलू म्हने. हाताले फडकं गुंडाळेल होतं.

"लटारूले इचारलं होतं का?"

वारलूनं माह्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं.

"नाई," तो म्हने. "माह्याच मनानं केलं."

रामाजीभाऊनं त्याले तिथूनच काढून देल्लं. दोन दिवसानं सोमारी गाठोडं घेऊन आरमोरीतून आली अन दोघं निंगाले. मी रस्त्यापर्यंत गेलो. म्हनलं, "खोटं काऊन बोलला बे?" तो म्हने, "तुमचं लायसन जाईन, भाऊ. मंग तुमी कुठी जाता? माह्याजवळ जंगल आहे. जोहार." अन गेला. कांबळं घडी करून कमळाबाईच्या पडवीत ठेवून गेला.

लाज वाटली असन म्हनता? वाटली. पन आंधी बरं वाटलं. गेला एकदाचा, असं वाटलं. आता इतकं सांगतलं त तेही सांगतो.

बाई लेकीच्याच घरी पडून होती. मी आरमोरीहून जाये-येये, पन तिच्यापुढं जाऊन बसाची हिंमत होत नोती. बाराव्या दिवशी तिनंच बोलावलं. डॉक्टरचा कंपौंडर पट्टी बदलाले आला होता, त्याले तिनं बाहेर बसाले लावलं.

"लटारू, खरं सांग. लाख लावल्यावर वारलू तुह्याकडं आल्ता न?"

"कोनी सांगतलं, बाई?"

"कोन सांगन? मीच धाडलं होतं त्याले. म्हनलं, बापा, तुही लाख तुह्या जागी. पन मोटारीतलं लटारूले समजते. त्याले इचार. तो टिकन म्हनला तरच मी पाय ठेवीन. तो वापस आला अन म्हने, बाई, लटारूभाऊ टिकन म्हनते. तवा ठेवले मी पाय."

मी खाटेच्या कडेले, तिच्या पायाशी बसलो. बाहेर कंपौंडर खोकलत होता.

"तो तुह्यासाठी खोटं बोलला, ते मले तवाच समजलं," बाई म्हने. "पन मी रामाजीले काई सांगतलं नाई. चूक कोनाले होत नाई? तुह्या हातून इतक्या वर्सात पहिल्यांदा झाली."

"बाई..." मी म्हनलं. पुढचं तोंडापर्यंत आलं होतं. चूक नाई बाई, मले मालूम होतं. एवढंच म्हनाचं होतं.

"राहू दे रे," ती म्हने, अन दोन्ही पाय उचलून माह्या मांडीवर ठेवले. "त्या कंपौंडरचा हात जड आहे. आजपासून पट्टी तूच बदल. दुसऱ्या कोनाच्या हाती पाय द्याले मले भेव वाटते."

मी पट्टी सोडाले लागलो. साल चिपकेल होती. हळूहळू, पान्यानं भिजवून-भिजवून सोडली.

"दुखते का, बाई?"

"नाई," ती डोळे मिटून म्हने. "तुह्या हातानं काऊन दुखन?"